केज नटाशिवाय रॅक : खाऱ्या हवेत वजन कोणावर टाकायचं?

(ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हा माणूस तासभर एका नटावर बोलणार की काय? तर हो, नटावरच बोलणार आहे. आपल्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यात इंटरनेट आता पतपेढीत आहे, शाळेत आहे, ग्रामपंचायतीत आहे, नागावच्या कॉटेजमध्येही आहे. या प्रत्येक ठिकाणी कोपऱ्यात किंवा भिंतीवर एक लोखंडी कपाट असतं, काचेच्या दाराचं. आत दिवे लुकलुकत असतात. त्या कपाटाला रॅक म्हणतात. रॅकमधली यंत्रं ज्या बारक्या वस्तूने धरून ठेवलेली असतात, ती वस्तू आपल्या हवेत किती टिकते याचा विचार कपाट विकणारा करत नाही, बसवणाराही क्वचितच करतो. चार वर्षांनी जो माणूस ते उघडायला येतो, त्याला मात्र तो करावा लागतो.

आधी रॅक समजून घेऊ. समोर दोन उभ्या पट्ट्या, त्यांना आपण रेल म्हणू. यंत्राच्या समोरच्या पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. उंची मोजायचं एकक 'यू'. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. प्रत्येक यूमध्ये तीन भोकं असतात, पण सारख्या अंतरावर नाहीत. १५.८७५, पुन्हा १५.८७५ आणि मग १२.७ मिलिमीटर. बेरीज करून बघा, ४४.४५ येते. नवीन मुलं फसतात ती इथेच. एक भोक चुकलं की यंत्र अर्धवट वरच्या घरात जातं आणि वरचं यंत्र बसत नाही.

हे माप कुठून आलं? टेलिफोनमधून. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९२२ च्या सुमाराला टेलिफोन एक्स्चेंजमधली जागा वाचवण्यासाठी ते ठरवलं. त्यावेळच्या रेलला थेट आटे पाडलेले असायचे. स्क्रू घ्या, फिरवा, झालं. अडचण एवढीच, की एक आटा मेला की त्या भोकापुरती रेलच मेली. शंभर ठिकाणी उघडझाप करणाऱ्या एक्स्चेंजमध्ये हे परवडणारं नव्हतं. म्हणून पुढे आटा रेलमधून काढून सुट्या नटात नेला आणि रेलला नुसतं चौकोनी भोक ठेवलं, साडेनऊ मिलिमीटरचं. त्या भोकात अडकणारा, भोवती स्प्रिंगच्या पत्र्याचा पिंजरा असलेला नट, तो केज नट. आटा खराब झाला तर नट फेका, दुसरा लावा. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. केज नटाला शिव्या देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की तो एका खऱ्या दुखण्यावरचा इलाज म्हणून आला.

मग तक्रार काय? शहरातल्या लोकांची तक्रार बोटांची असते. पिंजऱ्याच्या पाकळ्या दाबून नट भोकात घालताना तो सटकतो, नखाखाली घुसतो, बोट कापतो. खरं आहे. पण त्यासाठी पत्र्याचं एक साधं हत्यार मिळतं, कधीकधी नटांच्या पाकिटातच असतं, आणि लोक ते न वापरता स्क्रू-ड्रायव्हरने उचकटतात.

आपली तक्रार वेगळी आहे. ती गंजाची आहे.

केज नट म्हणजे पोलाद आणि वर जस्ताचा पातळ मुलामा. हे जस्त स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं, पण ते असतं किती? काही मायक्रॉन. खाऱ्या हवेतलं मीठ यंत्रावर, नटावर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता त्याखाली किती वेळ असते, तुम्हीच सांगा. त्यात ऑफिसचा एसी संध्याकाळी बंद होतो. लोखंड थंड असतं, बाहेरची दमट हवा आत येते आणि त्यावर दव धरतं. सकाळी पुन्हा एसी सुरू. रोज ओलं, रोज कोरडं. तुमच्या खिडकीच्या ग्रिलला तुम्ही पावसाळ्याआधी रेडऑक्साइड मारता. रॅकच्या नटाला कोण मारणार?

आणि आता मुख्य गोष्ट. नट बसवताना, विशेषतः स्क्रू-ड्रायव्हरने, चौकोनी भोकाच्या कडेचा रंग खरवडतो. पावडर कोटिंग निघतं, खालचं पोलाद उघडं पडतं. गंज सुरू होतो तो बरोबर त्या कडेला, नटाच्या मागे, जिथे तुमची नजर जात नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे आटे आवळतात. चार वर्षांनी तुम्ही स्क्रू उलटा फिरवता. स्क्रू सुटत नाही, नटच पिंजऱ्यात फिरायला लागतो. पिंजरा गंजून कमकुवत झालेला असतो, तो उघडतो. आता स्क्रू फिरतोय, नट फिरतोय आणि यंत्र जागेवर. मागे हात जात नाही. कुणीतरी ग्राइंडर आणतं आणि लोखंडाचा चुरा खालच्या चालू स्विचमध्ये पडतो.

३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे वीज आणि मोबाइल कित्येक दिवस नव्हते. अशा वेळी दुरुस्ती करणारा एकटा येतो, स्टुलावर उभा राहतो, दातात टॉर्च धरतो आणि त्याच्याकडे पुढच्या पाच गावांची यादी असते. त्याचं स्विच बदलणं दहा मिनिटांत होतं की दीड तासात, हे त्या चार स्क्रूंवर ठरतं. माझ्या दृष्टीने या विषयाचं मोल तिथे आहे. बोटांचं जाऊ द्या.

तर केज नटाशिवाय काय करता येतं? बाजारात उपाय बरेच आहेत. पण उपाय निवडायच्या आधी एक फरक मनात पक्का करा. यंत्र रॅकमध्ये बसवताना दोन कामं असतात. एक, वजन पेलणं. दोन, यंत्र जागेवरून हलू न देणं. केज नटात आपण ही दोन्ही कामं एकाच स्क्रूच्या गळ्यात घालतो.

आपल्या घरातला झोपाळा बघा. कड्या पितळी, एकात एक अडकवलेल्या, वर आढ्याच्या हुकात. त्यावर चार माणसं बसतात. तिथे आटा कुठे आहे? वजन कडीवर आहे. कडी नुसती अडकलेली आहे, आणि वजनानेच ती जास्त घट्ट बसते. काढायची असेल तेव्हा उचलली की निघाली. पन्नास वर्षांचा झोपाळा पान्हा न लावता उतरवता येतो.

सर्व्हरच्या नव्या रेल नेमक्या याच तत्त्वावर आहेत. आडव्या रेलच्या दोन्ही टोकांना आकडे असतात. ते पुढच्या आणि मागच्या उभ्या पट्टीच्या चौकोनी भोकात घालायचे, खाली दाबायचं, स्प्रिंगची कडी 'टक' करून बसते. नट नाही, स्क्रू नाही. मग दोघांनी मिळून सर्व्हर त्यावर सरकवायचा. समोर अंगठ्याने फिरवायचे दोन स्क्रू दिसतात, ते फक्त सर्व्हर पुढे घसरू नये म्हणून. ते काढले तरी सर्व्हर पडत नाही. डेलच्या 'रेडीरेल्स' या प्रकारातल्या. चौकोनी आणि बिनआट्यांच्या गोल, दोन्ही भोकांत हत्याराशिवाय बसतात. खरं तर चौकोनी भोकाचा मोठा फायदा हाच आहे, की त्यात आकडा अडकतो. आपण त्यात नटच कोंबत बसलो.

मग सगळ्यांनी हेच का वापरू नये? कारणं अगदी घरगुती आहेत. एक म्हणजे या रेल त्या त्या मॉडेलच्या असतात, एकाची दुसऱ्याला चालत नाही. लॅमिंग्टन रोडवरून जुना सर्व्हर घेतलात तर तो बहुधा रेलशिवाय मिळतो, म्हणून भाव ठरवतानाच रेल मागून घ्या, नंतर शोधत फिरू नका. दुसरं कारण मोठं आहे. या रेलला पुढे दोन आणि मागे दोन अशा चार उभ्या पट्ट्या लागतात. आपल्याकडे भिंतीवर जो छोटा रॅक असतो, त्यात अनेकदा पुढच्या दोनच असतात. तिथे आकडा मागे अडकवणार कशाला?

मोठ्या लोकांनी तर रॅकच बदलून टाकला. फेसबुकने २०११ मध्ये ओपन कम्प्यूट नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यातल्या रॅकमध्ये यंत्रासाठी १९ ऐवजी २१ इंच जागा आणि यू ४८ मिलिमीटरचा. यंत्र कपारीवर पुस्तकासारखं सरकतं. नटाचा प्रश्नच मिटला. पण तुमच्या पतपेढीचा स्विच त्यात तसाच्या तसा बसणार नाही, तेव्हा आपण ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला योट्टाचं एनएम-वन डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं, ७२०० रॅकचं. अशा इमारतीत हवा गाळून, आर्द्रता मोजून सोडतात. तिथला केज नट आणि तुमच्या ग्रामपंचायतीतला केज नट एकाच कारखान्यातून आले असले तरी त्यांचं नशीब वेगळं.

आता स्विच, पॅच पॅनेल, राउटर यांच्याकडे येऊ. ही यंत्रं समोरच्या दोन कानांवर लटकतात, मागे आधार नसतो. यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचे खुंट आले आहेत. काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन असतं. खुंट चौकोनी भोकात समोरून बोटाने दाबायचा, तो मागे पकडतो आणि त्याचा आटे असलेला दांडा पुढे येतो. चार दांडे बसवले की यंत्र त्यावर अडकवून ठेवायचं. हात मोकळे होतात. मग प्लास्टिकचा नट बोटाने आवळायचा. एकट्या माणसाला, स्टुलावर उभं राहून, हे वरदान आहे. गंजत नाही, रंग खरवडत नाही. घेताना उभ्या पट्टीच्या पत्र्याची जाडी मोजून घ्या, कारण पातळ आणि जाड पत्र्याचे खुंट वेगळे येतात. चुकीचा घेतला तर एकतर बसत नाही किंवा खुळखुळतो.

पण वजन किती चालेल? इथे जरा हिशेब करू, फळ्यावर नको, तोंडीच. समजा स्विच ४ किलोचा. त्याच्या वजनाचा मध्य कानांपासून २० सेंटिमीटर मागे. एका यूच्या कानात वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं अंतर साधारण ३.२ सेंटिमीटर. ४ गुणिले २० म्हणजे ८०, भागिले ३.२ म्हणजे २५. वस्तू ४ किलोची, पण वरच्या दोन स्क्रूंना मिळून २५ किलोची ओढ बाहेरच्या बाजूला. आता यंत्र १० किलोचं करा आणि मध्य ३० सेंटिमीटर मागे न्या. ३०० भागिले ३.२, ओढ ९४ किलोच्या आसपास. वजन अडीचपट, ओढ पावणेचारपट. म्हणून मी म्हणतो, नुसतं किती किलो हे विचारू नका, किती खोल हेही विचारा. लोखंडी एम-सहा स्क्रू ही ओढ सहन करेल, आधी यंत्राचा कानच वाकेल. प्लास्टिकचं तसं नाही. सततच्या ओढीखाली ते हळूहळू लांबतं, उन्हाळ्यात बंद रॅकमधल्या उष्णतेत जास्तच. पॅच पॅनेल, लहान स्विच, केबल आवरायची पट्टी, याला खुंट बेलाशक वापरा. यूपीएस, बॅटरी, मोठा व्हिडिओ रेकॉर्डर याला अजिबात नको. गाडीत किंवा बोटीवर जाणाऱ्या रॅकलाही नको.

आणखी एक गोष्ट जी पाकिटावर ठळक लिहिलेली नसते. लोखंडी स्क्रूने यंत्राचा पत्रा उभ्या पट्टीला टेकतो आणि लोक समजतात की अर्थिंग झालं. रंग मध्ये असतो, त्यामुळे ते तसंही भरवशाचं नव्हतं. प्लास्टिकच्या खुंटाने तर तो मार्ग पूर्ण तुटतो. तेव्हा यंत्राच्या मागे अर्थिंगचा स्क्रू असतो, तिथून हिरवी-पिवळी वायर रॅकच्या अर्थ पट्टीपर्यंत न्यायची. टेकण्याच्या जागी रंग खरवडायचा, दातेरी वॉशर घालायचा, वरून ग्रीस लावायचं. किनाऱ्यावर विजा पडतात, नारळाची झाडं आपल्या डोळ्यांसमोर जळतात. हे टाळू नका.

लोखंड टाळून काम करणं अलिबागला नवीन नाही, एवढं जाता जाता सांगतो. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये इथे आणायची वेळ आली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांनी चुंबकसुईचे वेध बिघडले असते. इथली वेधशाळा बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. तिथे कारण चुंबकाचं होतं, आपलं मिठाचं आहे. पण बांधकाम करणाऱ्याला खिळ्यापासून विचार करावा लागला, हे सारखंच.

स्टेनलेसचं काय, असं कुणीतरी विचारणारच. स्टेनलेसचे केज नट मिळतात, ३१६ प्रतीचे मिळाले तर मिठापुढे ३०४ पेक्षा बरे. फक्त स्टेनलेस नटात स्टेनलेस स्क्रू कोरडा आवळला तर दोन्ही एकमेकांना चावून बसतात, मग गंज नसूनही सुटत नाहीत. थोडं ग्रीस लावा. आणि भोकाची खरवडलेली कड उघडीच राहते, तिला रंगाचा एक थेंब लागतोच.

मापांचा घोळही सांगतो, कारण नट सोडला तरी तो पाठ सोडत नाही. आपल्याकडे एम-सहा चालतो. अमेरिकेहून आलेल्या यंत्राबरोबर कधी १२-२४ मापाचे स्क्रू येतात, म्हणजे इंचाला २४ आटे. आट्यांमधलं अंतर १.०५८ मिलिमीटर, एम-सहाचं १ मिलिमीटर. फरक इतका बारीक, की स्क्रू नटात जातो, बसल्यासारखा वाटतो, पण जाडीने कमी असल्याने धरतो वरवर. ज्या रॅकमध्ये दोन्ही प्रकार मिसळले आहेत, तिथले सगळे स्क्रू एकदाच बदलून टाका. डबीत 'कधीतरी लागतील' म्हणून ठेवू नका. आपल्याकडे काही फेकवत नाही, हा खरा त्रास आहे.

मग मी काय करतो? भिंतीवरच्या रॅकसाठी घेतानाच चार उभ्या पट्ट्यांचा मागतो. जड वस्तू चारही बाजूंनी आधार असलेल्या ट्रेवर. पुढच्या दोन कानांवर लटकणारा ट्रे नको, त्याचा हिशेब आत्ताच केला तोच आहे. ट्रे एकदाच बसतो, तो चांगल्या स्क्रूंनी, ग्रीस लावून बसवायचा. त्यावर यंत्र नुसतं ठेवलेलं, समोर दोन खुंट, ते फक्त धरायला. यंत्र बदलायचं तर दोन नट बोटाने सोडायचे आणि ओढायचं. ग्रामपंचायतीतल्या शिपाईमामांनाही फोनवरून सांगता येतं.

*(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांतले तीन येथे दिले आहेत.)*

सर, आमच्याकडे रॅक आधीच केज नटाचा आहे. सगळं काढायचं का?

अजिबात नाही. चालू आहे ते चालू द्या. पावसाळा संपला की एकेक स्क्रू अर्धा फेरा सोडून बघा. सुटला तर काढून ग्रीस लावून परत बसवा. अडला तर ते यंत्र पुढच्या बंदच्या दिवशी हाताळायच्या यादीत टाका. वादळाच्या दिवशी कळण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये कळलेलं बरं.

मी शाळेची संगणक खोली बघते. एका स्विचचा स्क्रू नटासकट गरगर फिरतोय. काय करू?

ताई, आधी त्या रॅकची वीज बंद करा. खालच्या यंत्रांवर जाड कापड पसरा, कडा चिकटपट्टीने बंद करा. गंज सोडवायचं तेल फवारू नका, ते यंत्रात जाईल. चिंधीला लावून स्क्रूच्या टोकाला लावा आणि चहा घेऊन या. मग दुसऱ्या माणसाने स्विचचा कान हलकेच पुढे ओढून धरायचा, म्हणजे नट मागून पट्टीला आवळून बसतो आणि फिरायचा थांबतो. मागे लांब तोंडाची पक्कड पोहोचली तर नट तिने धरा. तरी नाहीच जमलं, तर हॅकसॉचं पातं हातात धरून कान आणि पट्टी यांच्यामध्ये घालून स्क्रू कापा. वेळ लागेल. ग्राइंडर मात्र खोलीत आणू देऊ नका, तो आणणारा माणूस कितीही आत्मविश्वासाने बोलला तरी.

यूपीएस रॅकमध्ये ठेवावा की बाहेर?

भिंतीवरच्या रॅकमध्ये नको. बॅटरीचं वजन रॅकपेक्षा भिंतीच्या खुंट्यांवर येतं, आणि आपल्या चिऱ्याच्या भिंतीत त्या किती धरतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा तुमच्या गवंड्याला जास्त माहीत असेल. जमिनीवरचा रॅक असेल तर सगळ्यात खाली, ट्रेवर. आणि जिथे पुराचं किंवा उधाणाचं पाणी येतं, तिथे तो रॅक आधी विटांच्या चौथऱ्यावर चढवा.